गाडी चालू झाली, म्हणजे पार्टच खराब होता?

आमच्या टीममध्ये एक अलिखित नियम आहे. प्रॉडक्शनवर काहीतरी बोंबललं आणि कोणी येऊन "सर्व्हर रीस्टार्ट केला, आता चालतंय" असं म्हणालं, तर तिकीट बंद करायचं नाही. लक्षण गेलंय, कारण कळलेलं नाही. हा नियम मी नवीन आलेल्या पोरांना मोठ्या तोऱ्यात शिकवतो. आणि हाच नियम विसरून २०२३ च्या उन्हाळ्यात मी स्वतः सतरा हजार आठशे रुपये घालवून बसलो. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी कधी ना कधी हेच केलेलं असणार :)

झालं असं. मे महिना, साताऱ्याला चुलत भावाचं लग्न. आई, बाबा, मी आणि धाकटी बहीण असे पुण्याहून निघालो. गाडी बाबांची, २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. (कंपनीचं नाव घेत नाही. बिचारीचा तसा काही दोष नव्हता, ते पुढे येईलच.) खंबाटकी घाट चढताना दुसरा गिअर, एसी चालू, मागे सळ्यांनी भरलेला ट्रक. आणि एकदम पॅडल दाबतोय तर गाडी ढिम्म. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. पाय पार खालपर्यंत दाबला तरी आरपीएमचा काटा दीड हजाराच्या आसपास घुटमळतोय. ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आईनं मागे रामरक्षा सुरू केली. बाबा "पहिला टाक, पहिला!" म्हणून ओरडतायत. पहिल्या गिअरमध्ये, चारी इंडिकेटर लावून, बैलगाडीच्या वेगानं कसंबसं कडेच्या रुंद जागेपर्यंत पोचलो. गाडी बंद केली. पाच मिनिटांनी चालू केली तर दिवा तसाच, पण गाडी अगदी शहाण्यासारखी चालायला लागली. बाबांचा निकाल लगेच आला, "हे तुमचं इलेक्ट्रॉनिक. आमच्या एट-हंड्रेडला असली थेरं नव्हती."

बाबांची एट-हंड्रेड म्हणजे पॅडलपासून इंजिनापर्यंत सरळ एक तार. तुम्ही पाय दाबला की तार ओढली जायची आणि हवेची झडप उघडायची. आता ती तारच नाही. पॅडलपाशी सेन्सर असतात, ते कॉम्प्युटरला (म्हणजे ईसीयूला) फक्त एवढंच सांगतात की साहेबांनी पाय इतका दाबलाय. झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवतो आणि थ्रॉटल बॉडीवरच्या छोट्या मोटरला हुकूम सोडतो. झडप खरंच तेवढी उघडली का, हे सांगायला झडपेपाशी परत सेन्सर. थोडक्यात तुमचा पाय आता हुकूम देत नाही, विनंती अर्ज करतो.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की दोन्ही ठिकाणी सेन्सर एक नाही, दोन असतात. आमच्या गाडीत झडपेवरचे दोन सेन्सर एकमेकांच्या उलट चालतात. झडप उघडेल तसं एकाचं व्होल्टेज वाढतं, दुसऱ्याचं तेवढंच उतरतं. दोघांना पुरवठा एकाच पाच व्होल्टच्या तारेवरून आणि परतीची तारही एकच. म्हणून झडप कुठल्याही कोनात असो, दोघांची बेरीज पाचच यायला हवी. (सगळ्या गाड्यांत असं नसतं. काहींत दोन्ही सेन्सर वरच चढतात, फक्त वेगवेगळ्या चढानं.) बेरीज चुकली की ईसीयू म्हणतो, दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय, कोण ते मला माहीत नाही, म्हणून मी दोघांवरही विश्वास ठेवणार नाही. मग तो मोटरचा करंट तोडतो. स्प्रिंगमुळे झडप किंचित उघडी अशी थांबते, तेवढ्या हवेवर इंजिन रांगत राहतं. म्हणजे खंबाटकीत गाडीनं जे केलं ते बिघडणं नव्हतंच. झडप अचानक पूर्ण उघडून पुढच्या बसवर जाऊन आदळण्यापेक्षा रांगणं बरं, हे कोणीतरी आधी बसून नीट विचार करून ठरवलेलं होतं. मागे ट्रक असताना हे पटायला जरा वेळ लागतो, तो भाग वेगळा.

लग्न उरकून पुण्यात आलो आणि गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला. कोड आला, पी २१३५. सुपरवायझर म्हणाला, "सर, थ्रॉटल बॉडी गेलीय. पूर्ण असेंब्ली बदलायला लागेल."

आता इथे मी, इंजिनिअरिंगची चार वर्षं घासलेला माणूस, काय म्हणायला हवं होतं? पी २१३५ चा शब्दशः अर्थ एवढाच की थ्रॉटल पोझिशनच्या दोन सेन्सरांच्या व्होल्टेजचा मेळ बसत नाही. थ्रॉटल बॉडी खराब आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. मेळ कोणाला दिसत नाहीये? ईसीयूला. आणि सेन्सर ते ईसीयू या वाटेत सहा तारांचा कनेक्टर आहे, वायरिंग आहे, पलीकडे अजून एक कनेक्टर आहे, शेवटी ईसीयू आहे. कोड म्हणजे फसलेल्या चाचणीचं नाव. आमच्याकडे लॉगमध्ये "डेटाबेस कनेक्शन टाइमआऊट" आलं म्हणून कोणी नवा डेटाबेस सर्व्हर विकत घेत नाही. आधी नेटवर्क बघतात, फायरवॉल बघतात, काल रात्री कोणी काय बदललं ते विचारतात.

पण मी म्हणालो, "ठीक आहे, करा." शनिवार होता, एसी लाउंज होता, फुकट कॉफी होती. नवीन थ्रॉटल बॉडी बसली, दिवा गेला, गाडी मस्त. एकच अक्कल सुचली, जुना पार्ट पिशवीत मागून घेतला.

बरोबर बावीस दिवसांनी कात्रजच्या जुन्या घाटात परत तेच. पिवळा दिवा, दीड हजार आरपीएम. पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा पी २१३५. आता सुपरवायझरचं म्हणणं, "सर, मग ईसीयूच असणार." अंदाज बेचाळीस हजार, प्लस टॅक्स. मी म्हटलं, मग थ्रॉटल बॉडीचं काय? तो अत्यंत प्रामाणिक चेहऱ्यानं म्हणाला, "ती पण खराबच होती ना सर. बदलल्यावर वीस-बावीस दिवस चालली की गाडी."

हे वाक्य मला पुढे आठवडाभर झोपू देईना. कारण वरवर त्यात काही खोट दिसत नाही. पार्ट बदलला, गाडी चालली, म्हणजे पार्ट खराब होता. सगळा देश याच तर्कावर गाड्या दुरुस्त करतो. (आणि कॉम्प्युटर. आणि तब्येतीसुद्धा, पण असो.)

मग मी स्वतःच बघायचं ठरवलं. सातशे रुपयांचा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल आणला. हे डोंगल चालतात कारण गाडीनं आपले कोड ठरावीक पद्धतीनं बाहेर सांगितले पाहिजेत असा कायदा झाला. अमेरिकेत ते १९९६ च्या मॉडेलपासून आलं, आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. मोबाइलवर थ्रॉटलचा आलेख बघत दोन दिवस गाडी फिरवली. आलेख अगदी गुळगुळीत. मग डोक्यात प्रकाश पडला की हा डोंगल सेकंदाला जेमतेम तीन-चार आकडे आणतो. ईसीयू तेच आकडे दर काही मिलिसेकंदांना तपासत असतो. मधल्या मध्ये क्षणभर व्होल्टेज उडी मारून परत आलं, तर मला ते दिसणारच कसं? सर्व्हिस सेंटरवाले "लाइव्ह डेटा नॉर्मल आहे सर" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा हीच भानगड असते.

म्हणून मल्टीमीटर काढला. कनेक्टरच्या मागून तारेच्या कडेनं टाचण्या सारल्या, बहिणीला ड्रायव्हर सीटवर बसवलं, इग्निशन ऑन, इंजिन बंद. "दाब... हळू... सोड..." तिनं दाबलं की एक ०.६ वरून ४.२ पर्यंत चढतोय, दुसरा ४.४ वरून ०.८ पर्यंत उतरतोय. बेरीज प्रत्येक ठिकाणी पाच. एकदा नाही, वीस वेळा केलं. बहीण शेवटी म्हणाली, "दादा, आता पायाला गोळा आला." दोन शनिवार असे गेले आणि हाती आलं काय, तर सगळं ठीक आहे.

या वेळी मला टोयोटाची जुनी गोष्ट आठवली. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप सुसाट सुटतात म्हणून प्रचंड गदारोळ झाला होता. लाखो गाड्या परत बोलावल्या, कारणं दिली पायपुसणं अडकण्याची आणि पॅडल चिकटण्याची. लोकांचा संशय मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवर. शेवटी सरकारनं थेट नासाच्या इंजिनिअरांना कामाला लावलं. दहा महिने खपून, दोन लाख ऐंशी हजारांहून जास्त ओळींचा कोड चाळून, फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी अहवाल दिला की असा दोष सापडला नाही. (एका जुन्या पॅडल सेन्सरमध्ये टिनचा केसासारखा तंतू उगवून दोन सिग्नल एकमेकांना टेकलेले मात्र त्यांना सापडले होते.) वर्तमानपत्रांनी छापलं, इलेक्ट्रॉनिक्स निर्दोष. पण अहवालातच लिहिलं होतं की पुरावा मिळाला नाही याचा अर्थ असं घडू शकत नाही असा नाही. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका खटल्यात मायकेल बार नावाच्या सॉफ्टवेअर तज्ज्ञानं त्याच कोडची लक्तरं कोर्टात मांडली आणि ज्युरीनं टोयोटाला जबाबदार धरलं. खरं नेमकं काय यावर आमच्या धंद्यातले लोक अजूनही भांडतात. मला त्यातून एवढंच घ्यायचं होतं की "सापडलं नाही" आणि "नाहीये" यांत फरक आहे. माझ्या वीस चाचण्यांत गाडी पार्किंगमध्ये उभी होती. बिघाड दोन्ही वेळा घाटात झाला होता. शिकलेल्या माणसाला हे सुचायला दोन शनिवार का लागावेत?

मला नाहीच सुचलं, खरं सांगतो. सुचलं ते बायपासच्या सर्व्हिस रोडवर बसणाऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला. पत्र्याची टपरी, बाहेर जुन्या बॅटऱ्यांचा ढीग. ऑफिसातल्या ड्रायव्हर काकांनी पाठवलं होतं. मी त्याला पी २१३५, बेरीज, पाच व्होल्ट असं सगळं पाजळायला लागलो. त्यानं मध्येच तोडलं, "ते राहू द्या साहेब. कधी होतंय? खड्ड्यात का चढाला?"

"चढाला."

"दोन्ही टायमाला?"

"हो."

त्यानं बॉनेट उघडलं, मला गाडी चालू करायला लावली, हँडब्रेक ओढून ठेवायला सांगितला. पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायचा, गाडी ओढ घेईल तेवढाच, अन् परत दाबायचा. असं दोन-तीनदा. मग म्हणाला, "या, बघा." मी उतरेपर्यंत त्यानं माझाच मल्टीमीटर लावला होता, पण मी जिथे लावत होतो तिथे नाही. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थ्रॉटलच्या कनेक्टरमधल्या परतीच्या तारेला. इंजिन चालू ठेवून त्यानं वायरिंगचा जुडगा हातानं हळूच ओढला. शून्याच्या आसपास असलेला आकडा ०.३, ०.४ असा उड्या मारायला लागला. तेवढ्यात दिवा पेटला.

झालं! गणित तिथल्या तिथे सुटलं. परतीच्या तारेची पिन ढिली होती. ती ढिली पडली की दोन्ही सेन्सरांचा पाया तेवढा वर उचलला जायचा आणि बेरीज पाचऐवजी ५.३, ५.४ व्हायची. सेन्सर दोघेही खरं बोलत होते. कारण त्याच्याही मागे होतं. वायरिंगचा जुडगा इंजिनाला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप जागेवरच नव्हती, कधीतरी एअर फिल्टर काढताना तुटली असावी. चढावर जोर पडला की इंजिन आपल्या रबरांवर थोडं कलतं. क्लिप असती तर जुडगा इंजिनाबरोबर हलला असता. ती नसल्यामुळे दर वेळी ओढ बसत होती ती थेट कनेक्टरच्या पिनला.

आणि सुपरवायझरच्या त्या वाक्याचं उत्तरही मिळालं. थ्रॉटल बॉडी बदलताना कनेक्टर काढायला लागतो आणि परत घट्ट बसवायला लागतो. ढिली पिन तेवढ्यानं पुन्हा चिकटली आणि बावीस दिवस टिकली. सतरा हजार आठशेपैकी कामाचा भाग तो एक 'टक्' आवाज होता! एका प्रयोगात दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय महागड्या गोष्टीला दिलं. त्यानंतर ईसीयू बदलला असता तरी गाडी कदाचित महिनाभर चालली असती, कारण तेव्हाही वायरिंगला हात लागलाच असता. मग "ईसीयू पण खराबच होता ना सर".

इलेक्ट्रिशियननं भंगारातल्या एका वायरिंगमधून चांगली पिन काढून बसवली, जुडगा दोन केबल टायनी इंजिनाला बांधला आणि तीनशे रुपये सांगितले. बाबा बरोबर होते. ते म्हणाले, "तीनशे? पिन तर भंगारातली. वीस मिनिटं तर बघितलंस."

मला इथे लाज वाटली, पण बाबांची नाही, माझी. कारण दीड महिन्यापूर्वी एसी लाउंजमध्ये बसून मी एक शब्द न बोलता सतरा हजार आठशेचं बिल भरलं होतं. तिथे खोक्यात बंद, सील लावलेला, चकचकीत पार्ट होता ना. बघण्याचे पैसे द्यायचे म्हटलं की आपल्या हाताला लकवा भरतो. माझं स्पष्ट मत आहे की सर्व्हिस सेंटरं पार्ट बदलत सुटतात याला निम्मे जबाबदार आपण आहोत. तिथला पोरगा दोन तास मल्टीमीटर घेऊन वायरिंग तपासेल, तर ते दोन तास बिलात कुठल्या नावानं लावायचे? "निदान शुल्क दोन हजार" असं लिहिलं तर आपण काउंटरवर तमाशा करू. पार्टच्या किमतीत कसं सगळं गुपचूप बसतं. शिवाय पार्ट बदलून गाडी नाही चालली तर पुढचा पार्ट आहेच. आम्ही आयटीवाले याबाबतीत नशीबवान आहोत, आमचं गिऱ्हाईक आम्हाला तासावारी पैसे देतं आणि त्यातले कितीतरी तास आम्ही नुसतं स्क्रीनकडे बघत असतो.

उरलेले निम्मे जबाबदार कंपन्या. त्या इलेक्ट्रिशियनकडे आमच्या गाडीचा वायरिंगचा नकाशा नव्हता. कुठली पिन परतीची हे त्यानं टेस्ट लॅम्प आणि अनुभवानं ओळखलं. नकाशा मिळाला असता तर त्याच्यासारख्या पन्नास जणांना हे जमलं असतं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहनंही होती. पोर्टलही निघालं. पण पोर्टलवर टोल-फ्री नंबर असणं वेगळं आणि टपरीवरच्या माणसाच्या मोबाइलमध्ये सहा पिनांचा साधा नकाशा असणं वेगळं.

तोवर मी एक पथ्य पाळतो. कोणी "अमुक पार्ट गेलाय" म्हणालं की विचारतो, कशावरून? कोड सांगितला तर म्हणतो, कोड मला पण दिसतो, मोजलंय काय? आकडा किती आला, किती यायला हवा होता? बहुतेक ठिकाणी माणूस माझ्याकडे चक्रम असल्यासारखं बघतो. एका ठिकाणी मात्र मेकॅनिक हसला, मीटर घेऊन आला आणि गाडीखाली शिरला. हल्ली गाडी त्याच्याकडेच जाते.

दोन पावसाळे गेले, दिवा परत लागलेला नाही. जुनी थ्रॉटल बॉडी अजून माझ्या टेबलावर आहे. एका रविवारी मोबाइलच्या जुन्या चार्जरची केबल कापली, पाच व्होल्ट दिले आणि झडप बोटानं हळूहळू फिरवत दोन्ही सेन्सर मोजले. बंद असताना बेरीज ५.०२. अर्धी उघडली, ५.०१. पूर्ण उघडली, ५.०२. बाबा पेपर वाचत समोरच बसले होते. म्हणाले, "चांगली आहे म्हणजे?" मी म्हटलं, एकदम. त्यांनी पेपर खाली ठेवला. "मग आपण पैसे कशाचे दिले?"